सीडीवरची उरलेली जागा

आबांच्या गाण्यांना मोल नव्हतं, रीत मात्र होती. ज्याला गाणी हवीत त्यानं एक कोरी कॅसेट घेऊन रविवारी सकाळी आमच्या घरी यायचं, चहा प्यायचा, गावाकडच्या चार गोष्टी सांगायच्या, आणि तोवर आबा ती कॅसेट भरून द्यायचे. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत मास्तर, आणि शाळा सुटल्यावर आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे गायक. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरभरणीला ते गात. गाणी बहुतेक त्यांचीच रचलेली. वहीत लिहायचे, पेटीवर बसवायचे आणि कार्यक्रम नसतील त्या दिवसांत बाहेरच्या खोलीत बसून टेपवर घ्यायचे. त्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये फक्त एक पडदा होता. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये पेटीच्या मागे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आहे. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी होते आणि आई म्हणते, "सुजा, गॅस बारीक कर गं." आबांनी ते गाणं पुन्हा घेतलं नाही. असू दे, घरात गायलंय हे तरी कळेल, म्हणाले. कागल, राधानगरीकडच्या कितीतरी गावांत जयंतीच्या दिवशी कर्ण्यातून माझं नाव असं घुमत असे.

टेपरेकॉर्डर दोन कॅसेटचा होता. एका बाजूला भरलेली, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि दोन बटणं एकदम दाबायची. ती दाबल्यावर होणारा खट्ट आवाज ही आमच्या रविवारची सुरुवात. गाणी भरत असताना आई पाहुण्यांना पोहे द्यायची, त्यांच्या घरच्या बायकांची नावानिशी चौकशी करायची. आबांनी कॅसेटवर कधी स्वतःचं नाव लिहिलं नाही. एकदा कुणीतरी येऊन सांगितलं, की सीमेकडच्या एका गावात दुसराच माणूस तुमचं गाणं स्वतःचं म्हणून गातो. आबांनी विचारलं, "सुरात गातोय न्हवं?" एवढंच. गाणं कुलपात ठेवलं की मरतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांना शोभत होतं, कारण कुलूप लावायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. हे शेवटचं वाक्य मला आज लिहिता येतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की चांगली गोष्ट असली की तिची नक्कल काढून माणसाला द्यायची, आणि माणूस हसत घरी जातो.

मी अकरावीत गेले तेव्हा घरी कॉम्प्युटर आला. जुनाच, एका ओळखीच्यानं जुळवून दिलेला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. वर्गातल्या मैत्रिणींकडे तोवर गाण्यांच्या सीड्या फिरू लागल्या होत्या. एका चकतीवर दीडशे गाणी, हा आम्हांला चमत्कार वाटायचा. ही गाणी कुणाची, असं आम्ही एकमेकींना विचारायचो, आणि त्याचं उत्तर म्हणजे जिची सीडी असेल त्या मैत्रिणीचं नाव. गाणं गाणाऱ्याचं, बांधणाऱ्याचं असतं हे कुणाच्या मनातही येत नसे. सीडी आणायची, उतरवून घ्यायची, परत करायची. परत केली म्हणजे आपण काही घेतलंच नाही, असा सगळा सरळ हिशोब. आता मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. अख्खं पुस्तक पेनड्राइव्हवर घेऊन येणारी मुलं माझ्यासमोर उभी राहतात, "मॅडम, नुसतं प्रिंट काढायचंय," म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा निर्मळपणा पाहून मला त्यांच्यावर रागावता येत नाही. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे.

त्याच वर्षी विलासदादा आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आला होता. हुपरीचा. घरात चांदीचं काम. वडील, चुलते, आई, सगळे पैंजण घडवायचे. लहानपणापासून कड्या जोडून त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर बारीक चटक्यांचे डाग होते. त्याला कॉम्प्युटर शिकून स्वतःचं काहीतरी करायचं होतं. वडिलांनी त्याला एक वर्ष दिलं होतं. पुढच्या दिवाळीपर्यंत बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर परत येऊन घरच्या कामाला बसायचं. तो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसला तेव्हा आईनं ताट वाढायच्या आधी जरा थांबून विचारलं होतं, "आमच्यात चालतंय न्हवं तुला?" त्यानं ताट स्वतःच पुढं ओढलं आणि म्हणाला, "काकू, खर्डा जरा जास्तीच घाला." त्या दिवसापासून दर शनिवारी तो आमच्याकडे जेवायचा. आई त्या दिवशी भाकरीचं पीठ एक मूठ जास्त घ्यायची आणि कुणी विचारलं नाही तरी शेजारणींना सांगायची, की आज विलास यायचाय.

त्यानं जे केलं होतं ते असं. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घेतात, मापतात, फॅट बघतात आणि वहीत लिहितात. त्याच सुमाराला बऱ्याच संस्थांनी कॉम्प्युटर घेतले होते, पण ते नुसते झाकून ठेवलेले असत. विलासदादानं त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. दूध घातलं की तिथल्या तिथं शेतकऱ्याच्या हातात मराठीत छापलेली चिठ्ठी. नाव, लिटर, फॅट, सगळं. चार महिने तो त्यावर बसला होता. मराठी शब्दांसाठी आबांकडे यायचा. फॅटला मराठीत काय म्हणायचं यावर दोघांनी एक अख्खा शनिवार घालवला आणि शेवटी आई म्हणाली, की गवळी जे म्हणतो ते लिहा. फॅट फॅटच राहिलं. आबांना सावकाश तपासता यावं म्हणून त्यानं तो प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. सुरू केला की पहिल्यांदा त्याचं नाव यायचं आणि खाली "हुपरी". नक्कल चालू नये म्हणून त्याला कुलूप घालायचं अजून राहिलं होतं. एवढं काम संपलं की घालतो, म्हणायचा. सहा संस्थांनी तो घेतला. बिद्रीकडच्या गावांत अजून पंधरा-वीस जण घेतील अशी त्याची बोलणी चालली होती.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी आबांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. टेपातून वायर लावून, एकेक गाणं ऐकत. एकूण बावीस गाणी झाली. जयंती जवळ आली तशी लोकं येऊ लागली, पण आता कोऱ्या कॅसेटऐवजी कोऱ्या सीड्या घेऊन. त्यांतले बरेच जण गावच्या दूध संस्थेतले असत, कारण गावातला एकुलता एक कॉम्प्युटर तिथंच होता. बावीस गाणी सीडीवर घातल्यावर बरीच जागा उरायची. ती रिकामी जागा मला खुपायची. माणूस एवढ्या लांबून आलाय, त्याला अर्धवट भरलेली वस्तू कशी द्यायची? भाजीवाली पिशवीत वर चार काड्या कढीपत्ता टाकते, तसा मी विलासदादाचा प्रोग्राम टाकला. एवढासा तर होता, एका गाण्याएवढासुद्धा नाही. सीडीवर निळ्या पेनानं लिहिलं, "गाणी + दूध". पहिली सीडी घेऊन गेलेल्या माणसानं पुढच्या रविवारी येऊन सांगितलं, की गाण्यापेक्षा तुमचं दुधाचं ब्येस चालतंय. मी आबांना सांगितलं काय घातलंय ते. आबा म्हणाले, "चांगलं केलंस. चार गावांत विलासचं नाव हुईल." मी आणखी दहा सीड्या तशाच भरल्या.

जयंती झाली. उन्हाळा वाढला. शनिवारी विलासदादा जेवायला यायचा, पण त्याचं बोलणं कमी झालं होतं. बोलणी झालेल्या संस्था आता नको म्हणत होत्या आणि कारण सांगत नव्हत्या. आपल्या प्रोग्रामात काही खोट आहे का म्हणून तो रात्रंदिवस त्यातच डोकं खुपसून असायचा. मला ते दिसत होतं आणि तरीही मी त्याचा त्या सीड्यांशी संबंध जोडला नाही. मी हे बचावासाठी लिहीत नाही. खरंच जोडला नाही. पुढं कितीतरी वर्षं मला सगळ्यात जास्त भीती त्या न जोडण्याचीच वाटत आली आहे.

मग एका शनिवारी तो वेळेआधी आला. मी पडद्याच्या आत कांदा चिरत होते. तो बसला नाही. खिशातून सीडी काढून त्यानं आबांच्या पेटीवर ठेवली. मला पडद्याच्या फटीतून माझं निळं अक्षर दिसलं.

"मास्तर, ह्यातली गाणी तुमची न्हवं?"

आबा हो म्हणाले.

"बिद्रीकडं गेलतो आज. सेक्रेटरीला म्हटलं प्रोग्राम दावतो. तो म्हणाला, हाय की आमच्याकडं, आणि माझ्यासमोर सुरू केला. माझंच नाव आलं पडद्यावर. मास्तरांच्या सीडीतनं आलाय, म्हणाला. सीडी मागून घेतली त्याच्याकडनं."

आबांनी सीडी उचलून बघितली. मग सांगितलं, की सुजानं घातलंय आणि मला ठाऊक होतं. त्यांचा आवाज अजून सरळच होता. ते म्हणाले, लोकांना उपयोग झाला, तुझं नावही तसंच ठेवलंय, आमची गाणी नाहीत का अशीच जात?

विलासदादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "हुपरीत माझ्या बाबांनी पैंजणाचा नवा नमुना काढला, की पंधरा दिवसांत चार घरांत तसाच हुतोय. बाबा रागवत न्हाईत. म्हणतात, नमुना घेतला तरी चांदी ज्याची त्यालाच आणायला लागती, कडी न् कडी ज्याची त्यालाच जोडायला लागती. माझ्या कामात चांदीच न्हाय, मास्तर. नुसते हात हायत. ते उचलून नेल्यावर मागं काय राहतंय?" आणि मग, दाराकडं वळताना, "तुमची गाणी तुम्ही दिली. मला कुणी इचारलं न्हाय."

आई ताट घेऊन बाहेर आली होती. जेवून जा, म्हणाली. "नको काकू. आज भूक न्हाय," म्हणून तो गेला. सीडी त्यानं परत उचलून नेली. आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. आमच्या घरातून कुणी न जेवता उठून जाण्याला तिच्या मनात फार जुना अर्थ होता. कारण वेगळं आहे हे तिला कळत होतं, तरी ती त्या रात्री जेवली नाही. मला फक्त एवढं म्हणाली, "आपल्यात बसून जेवणारं एक माणूस हुतं गं."

आबा रात्रभर पेटीपाशी बसून होते. सकाळी म्हणाले, चल. कुणाकुणाला सीडी दिली ती नावं काढ. अकरा गावं निघाली. दर रविवारी आम्ही स्कूटरवरून दोन-दोन, तीन-तीन गावं करू लागलो, आबा पुढं, मी मागं. संस्थेत दूध घालायची वेळ गाठून जायचो. आबांचं मागणं साधं होतं. हा प्रोग्राम आमचा नव्हता, आम्ही न विचारता दिला. एकतर विलासला बोलावून त्याच्याकडून घ्या, नाहीतर काढून टाका. पण सांगायचं मी. "बोल तू," म्हणून ते बाजूला उभे राहायचे. पहिल्या गावात माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. सेक्रेटरी हसायला लागला. "आवं मास्तर, दिलेलं परत मागायलाय व्हय? उद्या गाणी बी मागशीला."

"गाणी ऱ्हाऊ देत," आबा म्हणाले. "ती माझी हुती म्हणून दिली. हे माझं नव्हतं."

आयुष्यभर मोकळ्या हातानं वाटत आलेल्या माणसाला हे वाक्य दारोदार म्हणावं लागलं, ते माझ्यामुळं. चौथ्या गावापर्यंत मला बोलता येऊ लागलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी चहा पाजून विषय बदलला. एका ठिकाणी म्हणाले, की मास्तर गाणार असतील तर काढून टाकतो. आबांनी दुधाच्या कॅनवर ठेका धरून दोन गाणी म्हटली आणि तिथल्या पोरानं आमच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम पुसला. रांगेतली एक म्हातारी किटली सावरत मला म्हणाली, "मग त्या पोरालाच लावून द्या की हिकडं. आमी काय खातो काय त्याला?" चार संस्थांनी खरोखरच त्याला बोलावलं. तिघांनी पुसलं. बाकीचे चार नुसते हो हो म्हणाले.

पण विलासदादाशी मी बोलले नाही. अकरा गावांत अनोळखी माणसांना जे सांगत होते ते मागच्या खोलीच्या दारात जाऊन मला सांगता येईना. सगळी गावं संपली की सांगू, असं स्वतःला बजावत राहिले. नववं गाव करून आम्ही घरी आलो, तर त्याच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली शेजारी देऊन तो हुपरीला गेला होता. वर्ष पुरं व्हायला अजून अवकाश होता. आबा ओट्यावर बसले, पाणी प्यायले. पुढच्या रविवारी त्यांनी स्कूटर काढली. मी म्हटलं, आता कशाला, तो तर गेला. ते म्हणाले, "दोन गावं ऱ्हायल्यात." आम्ही ती दोन्ही गावं केली.

त्यानंतर आबा पूर्वीसारखेच लोकांना गाणी देत राहिले. फक्त एक बदल झाला. दुसऱ्या कुणाचं गाणं कुणी मागितलं तर म्हणायचे, त्याच्याकडं जा, माझं नाव सांग.

आबांना जाऊन आता चौथा महिना आहे. मी हे सावकाश लिहिते आहे, कारण लिहून संपलं की त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवरून उतरावं लागेल, असं वाटतं. शेवटच्या वर्षात त्यांचा दम टिकत नव्हता, तरी सकाळी पेटी पुढं ओढायचे. मी फोनवर घेत असे. अशी नऊ नवी गाणी आहेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुष्कळ माणसं आली होती, विलासदादा नव्हता. तो त्यानंतर एका रविवारी सकाळी आला, रीतीप्रमाणे. केस पिकलेले, चष्मा. मधली काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आता हुपरीतच पैंजणांचे नमुने कॉम्प्युटरवर काढून देतो, दोन मुली आहेत, असं सांगितलं. आबांच्या फोटोपुढं बसला. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक कोरी सीडी काढून माझ्यासमोर ठेवली.

"कॅसेट कुठं मिळाली न्हाय. सीडीसुद्धा तीन दुकानं फिरून. ती तुझी सीडी मी फेकून द्यायला म्हणून न्हेलती. पुण्यात एकटा हुतो. एकदा लावली, मग लावतच गेलो. पोरींनाबी पाठ हायत सगळी. कुकरची शिट्टी झाली की दोघी वरडतात, सुजा, गॅस बारीक कर. पण मास्तरांना इचारायचं राहिलं. कोरी कॅसेट बी दिली न्हवती."

एवढी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं माझ्याजवळ होती, चांगली, पुस्तकी. त्यांतलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "विलासदादा, मी तुम्हाला न विचारता तुमचं काम वाटलं. माझं चुकलं. गावोगाव सांगत फिरले, तुम्हाला तेवढं सांगितलं नाही."

तो चष्मा काढून पुसत राहिला. "ठाऊक हाय," म्हणाला. "त्या चार संस्थांनी बोलावलं तवा सांगितलं त्यांनी. मास्तर कॅनवर ठेका धरून गायले म्हणून." मग म्हणाला, "तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं."

आईला हल्ली कमी ऐकू येतं. आमचं काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं. तिनं स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, ओळखलं, आणि काही न विचारता ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते जवळ ओढलं. "काकू," तो मोठ्यानं म्हणाला, "खर्डा जरा जास्तीच घाला."

त्याच्याकडे नसलेली नऊ गाणी मी दुसऱ्या दिवशी लायब्ररीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून त्याच्या सीडीवर भरली. नऊच असल्यामुळं पुष्कळ जागा उरली. ती तशीच रिकामी ठेवली. मग निळं पेन घेतलं आणि वर लिहिलं, "गाणी".